आधीं कोण? पोकेमॉनच्या रणांगणांतील विजेचे प्राणी

दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर आले असतां पहिला घाव कोणाचा, या प्रश्नाला मनुष्यानें फार पुरातन काळापासून महत्त्व दिलें आहे. कुस्तीच्या हौद्यांत पहिली पकड घेण्यासाठीं मल्ल एकमेकांभोवतीं घिरट्या घालीत राहतात. बुद्धिबळाच्या पटावर पांढऱ्या मोहऱ्यांना पहिली खेळी मिळते आणि तेवढ्यानेंच त्यांचें पारडें किंचित् जड होतें. जो आधीं तो जिंकला, असें म्हणण्याची वहिवाटच पडून गेली आहे. परंतु ही समजूत कितपत खरी, हें प्रत्यक्ष झुंजींत मोजून पाहणें शक्य नसतें. कारण तेथें वेग, बळ, चिवटपणा आणि दैव हीं चारी एकमेकांत मिसळून गेलेलीं असतात. ज्या एका करमणुकीनें या चारांना निरनिराळे आकडे लावून दिले, आणि म्हणून जिच्यांत या प्रश्नाचा इतिहास वर्षवारीनें सांगतां येतो, ती करमणूक म्हणजे जपानांत जन्मलेला पोकेमॉन हा खेळ होय.

पुष्कळ घरांतून हा शब्द मुलांच्या तोंडीं ऐकूं येतो. वडील मंडळींना मात्र त्यावरून एका पिवळ्या उंदराचें चित्र तेवढें आठवतें. त्या चित्रामागें एक सबंध युद्धशास्त्र उभें आहे, याची त्यांना सहसा कल्पना नसते. या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोच्या उपनगरांत वाढत असतां किडे गोळा करण्याचा छंद त्यांना जडला होता. पुढें वस्ती वाढली, शेतें आणि डबकीं बुजलीं, किडेहि नाहींसे झाले. १९८९ सालीं निन्टेंडो कंपनीनें ‘गेम बॉय’ नांवाचें हातांत धरून खेळावयाचें लहानसें यंत्र बाजारांत आणलें. अशीं दोन यंत्रें एका तारेनें जोडतां येत. त्या तारेवरून एखादा किडा या यंत्रांतून त्या यंत्रांत सरपटत जात आहे, अशी कल्पना ताजिरी यांना सुचली. आणि त्यांच्या ‘गेम फ्रीक’ या संस्थेनें सुमारें सहा वर्षें खपून तिला रूप दिलें. २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हीं या खेळाचीं पहिलीं दोन रूपें जपानांत प्रसिद्ध झालीं. त्यांत १५१ काल्पनिक प्राणी होते. ते पकडावे, वाढवावे, मित्राशीं अदलाबदल करावे आणि तीच तार जोडून त्यांची झुंज लावावी, असा हा खेळ.

झुंजीची रीत समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहास उमगावयाचा नाहीं. या झुंजींत बुद्धिबळाप्रमाणें एकानें खेळावें आणि मग दुसऱ्यानें, असें होत नाहीं. दोघेहि खेळाडू आपापली चाल गुप्तपणें एकाच वेळीं ठरवितात. दोन्ही हुकूम यंत्राच्या हातीं पडले म्हणजे यंत्र दोन्ही प्राण्यांच्या वेगाचे आकडे ताडून पाहतें आणि ज्याचा आकडा मोठा त्याची चाल आधीं घडवितें. दोन्ही आकडे सारखे असले तर निवाडा दैवावर सोंपविला जातो. एका गुणाचा फरक असला तरी तो पूर्ण फरक होय. थोडा अधिक वेगवान् आणि पुष्कळ अधिक वेगवान् यांत येथें भेद नाहीं. आणि आधीं घाव घालणाऱ्यानें शत्रूला त्याच घावांत लोळविलें, तर शत्रूनें योजलेली चाल त्याच्या मनांतच राहते. वेग हीच ढाल, असें पहिल्या खेळाडूंना वाटावें यांत नवल तें काय?

प्रत्येक प्राणी कोणत्या ना कोणत्या वर्गांत मोडतो. कोणी अग्नीचा, कोणी जलाचा, कोणी वनस्पतींचा, कोणी भूमीचा. विजेच्या वर्गाची रचना मोठी विलक्षण आहे. जलचर आणि आकाशांत उडणारे यांना विजेचा मारा दुप्पट लागतो. वनस्पति, ड्रॅगन आणि स्वतः विजेचेच प्राणी यांना तो निम्मा लागतो. भूमीच्या वर्गाला मात्र तो मुळींच लागत नाहीं. वीज मातींत जिरून जावी तशी ती निष्फळ होते. उलट विजेच्या प्राण्याला दुप्पट जाचणारा वर्गहि एकच, आणि तोहि भूमीचाच. सारांश, या वर्गाला सगळ्या जगांत एकच वैरी. परंतु त्या वैऱ्यापुढें त्याचें अस्त्रहि बोथट आणि चिलखतहि विरलेलें.

या वर्गाला निर्मात्यांनीं वेगाचें वरदान दिलें. पिकाचू या सुप्रसिद्ध उंदराचा मूळ वेग ९०. ‘झॅप्डॉस’ या वादळी पक्ष्याचा १००. ‘इलेक्ट्रोड’ हा दिसावयाला नुसता एक चेंडू. परंतु त्याचा वेग १४०, म्हणजे सर्व १५१ प्राण्यांत पहिला. त्याच्या खालोखाल १३० हा आकडा तिघांचा होता. त्यांपैकीं एक म्हणजे ‘म्यूटू’ हा त्या खेळांतील सर्वांत बलाढ्य प्राणी, दुसरा ‘एरोडॅक्टिल’ हा शिळेंतून सजीव केलेला पक्षी, आणि तिसरा ‘जोल्टिऑन’. ईव्ही नांवाच्या एका गरीब, कोल्ह्यासारख्या पिल्लाला विद्युत्-मणि दिला म्हणजे त्याचें रूपांतर होऊन अंगावरचे केस सुयांप्रमाणें ताठ उभारलेला जोल्टिऑन तयार होतो. इलेक्ट्रोडचा मारा कमजोर होता. जोल्टिऑनपाशीं वेगाच्या जोडीला ११० अंकांचें विशेष सामर्थ्य होतें, आणि म्हणून वेगवान् विजेचा खरा प्रतिनिधि तोच ठरला.

त्या पहिल्या खेळांत वेगाला आणखी एक लाभ चिकटलेला होता, आणि तो वरवर पाहणाऱ्याला दिसत नसे. कधीं कधीं घाव मर्मीं बसे आणि इजा सुमारें दुप्पट होई. असा मर्मभेद किती वेळां घडावा, याचें प्रमाण यंत्राच्या अंतर्गत गणितांत प्राण्याच्या मूळ वेगावर बांधलेलें होतें. साध्या चालीसाठीं तें प्रमाण मूळ वेगाला ५१२ नें भागून निघे. जोल्टिऑनचे घाव यामुळें शंभरांत पंचवीस वेळां मर्मीं बसत. इलेक्ट्रोडचे सत्तावीस वेळां. आणि ‘स्लोब्रो’सारखा ३० वेगाचा मंद प्राणी असला तर शंभरांत जेमतेम सहा वेळां. म्हणजे जो आधीं धांवे त्याचाच घाव खोलहि जाई. दैवानेंसुद्धां चपळांचा पक्ष घेतलेला होता.

१९९७ सालीं जपानांत ‘निन्टेंडो कप’ ही स्पर्धा भरली आणि पोरांच्या झुंजींना शिस्तीचें रूप आलें. सहा प्राणी घेऊन यावयाचें, त्यांतून तीन निवडून मैदानांत उतरावयाचें. प्रत्येकाची पायरी ५० ते ५५ च्या दरम्यान, आणि तिघांच्या पायऱ्यांची बेरीज १५५ हून अधिक नको, असा दंडक होता. केवळ तीन प्राणी असल्यानें एकहि चूक महाग पडे. येथें विजेच्या प्राण्याची दुसरी विद्या कामास आली. ‘थंडर वेव्ह’ या चालीनें इजा कांहींच होत नसे. परंतु शत्रूचें अंग लुळें पडून त्याचा वेग चौथ्या हिश्शावर येई, आणि चारांतून एका पाळीस तो जागचा हलतहि नसे. स्वतः वेगवान् असणें हा एक भाग. दुसऱ्याला मंद करणें हा दुसरा. या दोहोंतला फरक तेव्हां फारसा कोणाच्या ध्यानीं आला नाहीं. पुढील पाव शतकाचा इतिहास मात्र या फरकाचाच आहे.

कारण वेगाचें अपुरेपण त्या पहिल्या खेळांतहि झांकलेलें नव्हतें. जोल्टिऑनसमोर ‘डगट्रिओ’ हा भूमीचा प्राणी येऊन उभा राहिला म्हणजे काय होई तें पाहावें. डगट्रिओचा वेग १२०. म्हणजे जोल्टिऑन निश्चितपणें आधीं. पण आधीं जाऊन करावयाचें काय? त्याची वीज डगट्रिओला लागत नाहीं, आणि उरलेल्या चाली दुबळ्या. त्या दुबळ्या चालीनंतर डगट्रिओ जो भूकंप घडवील, तो मात्र दुप्पट जाचणार. ‘रायडॉन’ हा गेंड्यासारखा प्राणी तर ४० वेगाचा, अत्यंत मंद. तरीहि जोल्टिऑनची वीज अंगावर घेत तो शांतपणें पुढें येई. पहिल्या घावाचा हक्क निराळा आणि उपयोगी पडणारा घाव निराळा, हा धडा शहाण्या खेळाडूंनीं तेव्हांच घेतला. समोरचा खेळाडू आतां भूमीचा प्राणी पुढें आणील काय, हें ओळखणें हीच जोल्टिऑन खेळविण्याची खरी कला होऊन बसली.

नोव्हेंबर १९९९ मध्यें ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हीं नवीं रूपें निघालीं आणि निर्मात्यांनीं वेगाचा गुप्त लाभ काढून घेतला. मर्मभेदाचें प्रमाण सर्वांना सारखें, शंभरांत सुमारें सात वेळां, असें झालें. शिवाय दर पाळीस थोडी थोडी प्राणशक्ति भरून देणारी शिधोरी प्राण्याला बाळगतां येऊं लागली. त्यामुळें एका घावांत निकाल लागेनासा झाला. ‘स्नॉरलॅक्स’ हा ३० वेगाचा झोंपाळू अजस्र प्राणी त्या काळच्या झुंजींचा आधारस्तंभ झाला. चपळांची सद्दी संपली, असें वाटावें असा तो काळ. विजेच्या वर्गाला याच वेळीं ११५ वेगाचा ‘रायको’ नांवाचा वाघासारखा प्राणी मिळाला. परंतु त्याचा लौकिक वेगापेक्षां त्याच्या टणकपणावर अधिक उभा राहिला.

त्याच साली विजेच्या प्राण्यांना त्यांच्या मुळच्या उणिवेवर एक तोडगा सांपडला. ‘हिडन पॉवर’ नांवाची एक चाल आली. तिचा वर्ग प्रत्येक प्राण्याच्या जन्मजात, अदृश्य अंकांवरून ठरे. ते अंक नेमके जुळून आले तर विजेच्या प्राण्यालासुद्धां हिमाचा किंवा जलाचा मारा करतां येई, आणि भूमीचे प्राणी त्याला घाबरूं लागत. मात्र असा योग जुळून येण्यासाठीं खेळाडू एकामागून एक पिल्लें वाढवीत. एकाच प्राण्यासाठीं कित्येक दिवस घालविण्याचा हा चिकाटीचा उद्योग, आणि त्याचें फळ म्हणजे डगट्रिओ समोर आला असतां हातीं एक तरी उपयोगी अस्त्र असणें.

२००२ सालच्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’ या रूपांनीं प्रत्येक प्राण्याला अंगभूत गुण दिले. जोल्टिऑनला मिळाला वीज शोषून घेण्याचा गुण. त्याच्यावर वीज टाकली तर इजा न होतां उलट प्राणशक्ति वाढे. परंतु डगट्रिओला मिळाला तो गुण अधिक क्रूर होता. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या जमिनीवरच्या प्राण्याला मागें घेतांच येत नसे. जणुं खड्ड्यांत पाय अडकावा. जोल्टिऑन आधीं चालणार खरा, पण पळूं शकत नाहीं. अशा वेळीं त्याच्या कामीं आली ‘बॅटन पास’ ही चाल, जिच्या योगें तो आपलीं वाढलेलीं बळें उत्तराधिकाऱ्याच्या स्वाधीन करून सापळ्यांतून निसटूं शके. येथें वेगाचा उपयोग प्रथमच बदलला. डगट्रिओच्या भूकंपाआधीं मारा करण्यासाठीं नव्हे, तर भूकंपाआधीं निघून जाण्यासाठीं त्या दहा अंकांचें मोल झालें.

याच वर्षीं दोनांविरुद्ध दोन अशी झुंज सुरू झाली, आणि पुढें जागतिक स्पर्धेनें तीच पद्धति पत्करली. चार प्राणी एकाच वेळीं मैदानांत असल्यानें हिशेब चौपट गुंतागुंतीचा झाला. २००६ सालीं ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ निघालीं तेव्हां वेगावर खरा आघात झाला. ‘ट्रिक रूम’ ही चाल खेळली कीं पांच पाळ्यांपर्यंत सगळा क्रम उलटा होई. जो सर्वांत मंद तो सर्वांत आधीं! दुसऱ्या एका चालीनें सबंध पक्षाच्या पाठीशीं वारा उभा राहून वेग दुप्पट होई. आणि एक उपरणें असें निघालें, कीं तें धारण केल्यास एकाच चालीला बांधून घ्यावें लागे, परंतु वेग दीडपट मिळे. आतांपर्यंत वेग हा जन्मानें मिळणारा हक्क होता. आतां तो भाड्यानें मिळूं लागला, आणि उलटविलाहि जाऊं लागला. १३० हा आकडा पूर्वींइतकाच मोठा होता. त्याची हमी मात्र गेली होती.

२०१० सालच्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या खेळांनीं विजेच्या वर्गाला दोन गोष्टी दिल्या. पहिली ‘व्होल्ट स्विच’ ही चाल. घाव घालावा आणि त्याच पाळींत माघार घेऊन दुसऱ्या गड्याला पुढें करावें, असा तिचा प्रकार. गनिमी काव्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला तिचें मर्म वेगळें सांगावयास नको. दुसरी देणगी ‘थंडुरस’ या वादळदैवताची. त्याचा वेग १११, म्हणजे मोठाच. परंतु त्याची कीर्ति निराळ्या कारणानें झाली. इजा न करणाऱ्या त्याच्या चाली, वेगाचा हिशेब न पाहतां, इतर सामान्य चालींच्या आधीं घडत. त्यामुळें १५० वेगाचा शत्रू असो वा २०० चा, थंडुरस त्याचें अंग आधीं लुळें पाडी. जागतिक स्पर्धांत या प्राण्याचा दरारा पुष्कळ वर्षें टिकला. वेगाचा आकडा न वापरतांहि आधीं असतां येतें, हें त्यानें दाखवून दिलें.

२०१३ सालीं ‘एक्स’ आणि ‘वाय’ या खेळांत विजेच्या प्राण्यांचें अंग लुळें पडावयाचें थांबलें. त्या आधीं सतरा वर्षें विजेचाच प्राणी विजेच्याच चालीनें पंगू होत असे. या नव्या नियमाखालीं ऑगस्ट २०१४ मध्यें अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरीं जागतिक स्पर्धा भरली, आणि या इतिहासांतील सर्वांत नांवाजलेला प्रसंग तेथें घडला.

दक्षिण कोरियाचे पार्क से-जून हे त्या स्पर्धेंत उतरले होते. त्यांच्या सहा प्राण्यांत ‘पाचिरिसू’ नांवाची एक खार होती. जपानी भाषेंत ‘पाचि-पाचि’ हा ठिणग्यांचा आवाज, आणि ‘रिसू’ म्हणजे खार. तिच्या सर्व गुणांची बेरीज अवघी ४०५, थंडुरसची ५८०. तिचा वेग ९५, म्हणजे धड मंद नाहीं आणि धड अग्रेसरहि नाहीं. तिचा मारा तर ४५ अंकांचा, हंसण्याजोगा. मोठ्या स्पर्धेंत कोणी तिला आणील, असें सहसा कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. परंतु पार्क यांनीं तिला मारण्यासाठीं आणलेंच नव्हतें. त्यांचा मुख्य योद्धा ‘गायरडॉस’ हा जलाचा आणि आकाशाचा, म्हणून विजेचा मारा त्याला चौपट लागे. खार ‘फॉलो मी’ ही चाल खेळे, आणि शत्रूचे घाव गायरडॉसवर न पडतां तिच्यावर येत. तो घाव विजेचा असला तर जोल्टिऑनप्रमाणेंच तिलाहि शोषणाचा गुण असल्यानें तिची प्राणशक्ति उलट भरून येई. मोकळ्या पाळीस ती गाल घांसून शत्रूचें अंग लुळें पाडी, किंवा एका चाव्यानें त्याची उरलेली प्राणशक्ति निम्मी करी. तिचा मारा ४५ चा असो वा १४५ चा, या चाव्याला त्याच्याशीं कर्तव्य नव्हतें.

पार्क यांनीं अंतिम सामना जिंकला. सभागृहांत त्या खारीच्या प्रत्येक खेळीला टाळ्या पडत होत्या. त्या विजयाची गोडी एवढ्यासाठींच नव्हती कीं दुबळ्यानें बलवानाला जिंकलें. दुबळी खार एकटी जिंकलेली नव्हती. गोडी याची, कीं अठरा वर्षें विजेच्या प्राण्याकडून एकच अपेक्षा होती, आधीं जावें आणि मारावें. आणि पार्क यांनीं त्याला उलट काम सांगितलें, उभें राहावें आणि सोसावें. आकडे तेच होते. त्यांना विचारलेला प्रश्न नवा होता.

निर्मात्यांनीं मात्र वेगाचा नाद सोडला नव्हता. २०१६ सालच्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत, हवाई बेटांच्या धर्तीवर कल्पिलेल्या प्रदेशांत, ‘टापू कोको’ हा रक्षकदेव आला. वेग पुन्हां जोल्टिऑनचाच, १३०. परंतु तो मैदानांत उतरतांच भुईवर पांच पाळ्या वीज पसरे आणि विजेचा मारा दीडपट होई. इलेक्ट्रोडचा वेगहि याच वेळीं १४० वरून १५० करण्यांत आला. दुसऱ्या हातानें त्यांनीं पुष्कळ काढूनहि घेतलें. लुळ्या अंगाचा वेग आतां चौथ्याऐवजीं निम्म्यावर थांबूं लागला, आणि अंधाराच्या वर्गाच्या प्राण्यांवर थंडुरसची ती झटपट युक्ति चालेनाशी झाली.

२०२० च्या ऑक्टोबरांत वेगाच्या पूजेचा कळस झाला. ‘रेजिएलेकी’ नांवाचा, जणुं नुसत्या विजेनेंच घडलेला प्राणी खेळांत आला. त्याचा मूळ वेग २००. तोंपर्यंतचा उच्चांक १८० होता, आणि तो २००४ पासून ‘डीऑक्सिस’ या प्राण्याच्या एका रूपाकडे अबाधित होता. रेजिएलेकीच्या विजेला दीडपट धार देणारा अंगभूत गुणहि त्याला मिळाला. कागदावर पाहिलें तर १९९६ सालीं जोल्टिऑनला खेळविणाऱ्या मुलाचें स्वप्नच साकार झालें होतें. त्या आणि पुढील वर्षीं महामारीमुळें जागतिक स्पर्धा भरली नाहीं. तरी घरबसल्या चाललेल्या झुंजींतून या प्राण्याची पारख व्हावयाची राहिली नाहीं. आणि काय दिसलें? त्याचे दोन्ही बचाव अवघे ५० अंकांचे. विजेखेरीज प्रभावी अस्त्र जवळजवळ नाहीं. आणि १९९९ पासून या वर्गाची लाज राखणारी ‘हिडन पॉवर’ ही चाल २०१९ सालींच खेळांतून काढून टाकलेली. अर्थात् ४० वेगाचा रायडॉन त्याच्यासमोर तितक्याच स्वस्थपणें उभा राहूं शके, जितका तो पूर्वीं जोल्टिऑनसमोर राहत असे. विजयाची खात्री वेगानें दिली नाहीं. चतुर खेळाडूंनीं मग रेजिएलेकीलाहि दुसरें काम दिलें. विजेचें जाळें टाकून दोन्ही शत्रूंचा वेग घटवावा, म्हणजे आपला मंद परंतु बलाढ्य सोबती त्यांच्या आधीं घाव घालूं शकेल. सर्वांत वेगवान् प्राण्याचें काम दुसऱ्याला पहिला नंबर मिळवून देणें हें ठरलें.

नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ निघालीं. पुढील वर्षीं रेजिएलेकी त्यांत परत आला तेव्हां त्याची धार दीडपटीवरून १.३ पटीवर उतरविलेली होती. मात्र प्राण्याचा वर्ग झुंजींत एकदां पालटण्याची सोय या खेळांत असल्यानें हिमाचा वर्ग धारण करून भूमीच्या प्राण्यांना भिवविणें त्याला पुन्हां साधलें. पण २०२३ च्या स्पर्धांत विजेच्या वर्गाचें खरें बळ दिसलें तें ‘आयर्न हँड्स’ या लोखंडी मल्लांत. त्याचा वेग अवघा ५०, प्राणशक्ति १५४ आणि मारा १४०. ‘ट्रिक रूम’च्या उलट्या राज्यांत त्याचें मांद्यच त्याचें भूषण होई. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘रेजिंग बोल्ट’ हा प्राणी आला. तो ११५ वेगाच्या रायकोचा आदिम पूर्वज म्हणून कल्पिलेला. वेग मात्र ७५. परंतु त्याच्यापाशीं अशी एक चाल आहे, कीं शत्रु मारा करावयाच्या बेतांत असेल तर रेजिंग बोल्टची वीज त्याच्या आधीं पडते. आणि शत्रु मारा करणार नसेल तर ती व्यर्थ जाते. म्हणजे आधीं कोण, याचा निवाडा येथें पायांच्या वेगावर नाहीं. समोरच्याच्या मनांत काय आहे हें ओळखण्यावर आहे.

सत्तावीस वर्षांच्या या कथेंत निर्माते आणि खेळाडू यांची एक सतत चाललेली ओढाताण दिसते. एकानें वेगाला मोल द्यावें, दुसऱ्यानें त्याचा अंत पाहावा. मग पहिल्यानें तें मोल घटवावें, आणि दुसऱ्यानें त्यांतूनहि नवा उपयोग काढावा. पोरखेळ म्हणून हें सारें हंसण्यावारी नेतां येईल. परंतु ज्या मुलाला आपला आवडता प्राणी कमी आकड्यांचा आहे हें कळून चुकलें, त्याच्या दृष्टीनें हा पोरखेळ नव्हता. त्या आवडत्या प्राण्याला सोडून द्यावें, कीं त्याला साजेसें काम शोधून काढावें, हा त्याच्यापुढचा खरा पेंच होता. पार्क से-जून यांनीं त्याला एक उत्तर दिलें. दर खेपेस नियम बदलले कीं तो प्रश्न पुन्हां नव्यानें उभा राहतो.

जोल्टिऑनचा मूळ वेग १९९६ सालीं १३० होता. २०२२ च्या खेळांतहि तो १३० च आहे. इतक्या उलथापालथींत त्या एका आकड्याला कोणी हात लावला नाहीं. पहिल्या खेळांत त्या आकड्याचा अर्थ होता पहिला घाव आणि खोल घाव. पुढें त्याचा अर्थ झाला, सापळ्यांतून वेळेवर निसटणें. आतां त्याचा अर्थ एवढाच, कीं समोरच्यानें क्रम उलटविला नाहीं, वारा पाठीशीं घेतला नाहीं, उपरणें पांघरलें नाहीं आणि जाळें टाकलें नाहीं, तर जोल्टिऑन आधीं. त्या चार अटींचा विचार करूनच त्याला मैदानांत उतरवावें लागतें.